अठरा वर्षांचं धोंडस

दिगू, मेल्या, तू मला अडकवून गेलास.

तू गेल्याला अजून महिना झालेला नाही आणि मी तुला मेल्या म्हणतोय. माझी बायको वैजू म्हणाली, "आता तरी तेंका तसां म्हणा नकात." पण तू जिवंत असताना मी तुला दुसरं काही म्हटलेलंच नाही. आता एकदम 'कै. दिगंबर' म्हटलं, तर तूच मागे वळून बघशील, की हा कुणाशी बोलतोय.

तर, अडकवून गेलास. तुझ्या तेराव्याला जेवणं उरकली आणि आम्ही पाच-सहाजण तुझ्या पडवीत सुपारी कातरत बसलो होतो. एवढ्यात वहिनी दारात आली. तिचं बोलणं तुला ठाऊकच आहे. तू शंभर शब्द बोललास की ती एक बोलायची, आणि तो एक तुझ्या शंभरांना पुरून उरायचा.

"नंदू भावजी, दिवाळी नऊ दिसार इली."

"होय, वहिनी."

"औंदा आमच्यात कढय चढूची नाय."

ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरात वर्षभर सणाचं काही शिजत नाही; शेजारी, सोयरे, मित्र डबे आणतात. हे आपल्याकडे कुणी कुणाला सांगावं लागत नाही. मी लगेच छाती पुढे काढली. "तुमी काय काळजी करू नकात. चावदिसाचे पोहे, काळ्या वाटाण्याचो सांबारो, सगळां माझ्याकडसून."

"पोहे कोणय हाडीत. तुमी धोंडस हाडा. हेंच्या हातचां."

"हेंच्या हातचां आता..." मी अर्ध्यावर थांबलो.

"तसांच म्हणतंय मी. हेंनी तुमका सगळां सांगलेलां आसा. दर वर्सा फोनार तास-तासभर सांगत होते. मेघा येतली मुंबयसून. तिका व्हयां."

पडवीतल्या सगळ्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं देवळात गाऱ्हाणं घालणाऱ्याकडे बघतात. मी "हाडतंय" म्हणत आणायचं कबूल केलं. तुझ्या लेकीसाठी मागितल्यावर दुसरं काय म्हणणार होतो?

ह्यात अडकण्यासारखं काय, असं तुला वाटेल. तेच सांगायला बसलोय. समोरासमोर सांगायला अठरा वर्षं मिळाली होती, पण तेव्हा जमलं नाही.

दिगू, मला धोंडस आवडत नाही.

आवडत नाही हे आपलं सभ्य भाषेत. जून तवशाचा कीस गुळात शिजायला लागला की जो वास सुटतो, तो मला थेट शाळेतल्या ओल्या सतरंजीवर नेऊन बसवतो. मालवणात जन्मलो, चारचौघांत खाण्याच्या गप्पा मारतो, कुणाच्या घरी बांगडा कसा झालाय ते दारातून वासावर सांगतो, आणि अख्खं कोकण ज्याला केकचा बाप समजतं तो काकडीचा केक माझ्या घशाखाली उतरत नाही. ही गोष्ट वैजूशिवाय कुणाला माहीत नव्हती. लोक टक्कल लपवतात, मी जीभ लपवली.

तुझी आये गेली त्या वर्षी दिवाळीत तुमच्याकडे आम्ही डबे आणले. पुढच्या दिवाळीला तू तुझ्या कट्टा गावाहून सकाळच्या पहिल्या एसटीने मालवणात आलास. मी दुकानाचं शटर अर्धंच वर केलेलं. तू वाकून आत शिरलास. हातात टोप, टोपाला टॉवेल गुंडाळलेला.

"खा. काय बोलू नको. आदी खा."

"काय आसा?"

"आयेचां धोंडस. तिना कोणाक शिकवल्यान नाय. मी आठवान आठवान केलंय."

मी घास घेतला. घास माझ्या तोंडात आणि तुझे डोळे माझ्या तोंडावर. छत्तीस वर्षांचा दांडगा गडी तू, भाताचा भारा एकट्याने उचलणारा, आणि निकालाच्या दिवशी पोर उभं राहतं तसा आकाशकंदिलांच्या ढिगात उभा होतास. मी न चावता गिळलं आणि म्हणालो, "दिगू, आयेचोच हात रे."

तू टॉवेलात तोंड घालून रडलास.

आता ऐक. आयेच्या हातचं धोंडसही मी कधी खाल्लेलं नव्हतं. तुमच्याकडे आलो आणि तिने ताटली पुढे केली की माझं पोट नेमकं त्याच दिवशी बिघडलेलं असायचं. बिचारी मला ओवा द्यायची. तेव्हा मी ज्या चवीची ग्वाही दिली, ती मला दोन्ही बाजूंनी ठाऊक नव्हती. पण तू रडलास, आणि त्या दिवसापासून मी धोंडसाचा जाणकार झालो. पुढे दर दिवाळीला चावदिसाच्या, म्हणजे नरकचतुर्दशीच्या, सकाळी माझ्या नावाचा डबा कट्ट्याहून निघायला लागला. कधी तू स्वतः यायचास, कधी एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचास. एका वर्षी पाऊस लांबला, तवशी वेलावरच कुजली, तेव्हा तू पार पिंगुळीपर्यंत जाऊन जून तवसं शोधून आणलंस आणि मला सांगितलंस, "तुझ्यासाठी, मेल्या. दुसऱ्या कोणासाठी मी इतक्या लांब गेलंय नसतंय." त्या दिवशी तरी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. उलट "कित्याक रे इतको तरास" म्हणून तुझ्या पाठीवर हात फिरवला. तो हात तेवढा खरा होता.

मग त्या धोंडसाचं मी काय करायचो? आमच्या दगडी गडग्यापलीकडे लक्ष्मीकाकी राहते. एकटी बाई, आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची, दात चार, पण चारही कामाचे. पहिल्याच वर्षी मी डबा गडग्यावरून तिच्या हातात दिला. नुसता दिला असता तर तिने दहा प्रश्न विचारले असते. म्हणून म्हणालो, "कट्ट्याच्या दिगून खास तुझ्यासाठी धाडल्यान."

एक खोटं झाकायला दुसरं लागतं म्हणतात. माझं दुसरं त्याच सकाळी तयार होतं.

आपल्यात आभार मानायची रीत नाही, पण भांडं रिकामं परत करत नाहीत. काकी तर जुनी बाई. तुझा डबा धुऊन, पुसून, त्यात आपल्या अंगणातल्या भिरंडांची, म्हणजे कोकमांची, सोलं भरून ती मला परत द्यायची. "दे तेका. सांग, काकीन आठवण काढल्यान." मी डबा तुला द्यायचो आणि आठवण माझ्याकडेच ठेवायचो. तू सोलं नाकाशी न्यायचास आणि म्हणायचास, "नंदू, अशी सोलां सगळ्या मालवणात नाय. तुझ्या सोलांची कढी प्यालंय की माका वर्सभर बरां वाटतां."

दिगू, ती सोलं माझी नव्हती. मी आयुष्यात एक भिरंड फोडलेलं नाही. मध्ये उभा राहून मी इकडची शाबासकी घेतली आणि तिकडचीही घेतली. तुम्ही दोघं एकमेकांना अठरा वर्षं जेवू घालत होता, आणि एकमेकांचं तोंडसुद्धा पाहिलेलं नव्हतं.

आणि तू! तू माझ्याशी किती खरं बोलायचास! ज्या वर्षी तू स्वतः यायचास, त्या चावदिसाला अंगणात कारीट फोडून झालं की आमच्याकडे पोहे. आमच्याकडचा काळ्या वाटाण्याचा सांबारा मी स्वतः करतो, हे मी गावभर सांगत फिरायचो. तू पहिला घास घेतलास की सगळे थांबायचे.

"पातळ."

"अरे, वायंच निवांदे तरी!"

"निवालो म्हणान पाण्याचो सांबारो होता काय? आणि बटाटो कित्याक घातलंस? वाटाण्याक सोबत व्हयी होती?"

बटाट्याचा हा वाद आपला संपलाच नाही. मी म्हणायचो बटाट्याने रस मिळून येतो. तू म्हणायचास ज्याला मसाला वाटता येत नाही तो बटाटा घालतो. गेल्या वर्षी तू तीन ताटल्या खाल्ल्यास आणि प्रत्येक ताटलीतले बटाटे वेचून कडेला काढून ठेवलेस. वैजू म्हणाली, "भावजी, न आवडतां इतक्यो खाल्लास, आवडतां तर टोप नेलो आसतास." तू म्हणालास, "आवडता म्हणान तर गाळी घालतंय." तुझं प्रेम असं शिव्या घालणारं, आणि माझं असं गोड गोड बोलणारं. ह्या दोघांतलं खरं कुठलं, ते आता मला चांगलं कळलंय. उपयोग नाही.

पण हे सगळं धोंडस न खाण्याचं झालं. माणूस एखादी गोष्ट खात नाही, एवढं चालायचं. ज्याची मला लाज वाटते ती गोष्ट पुढेच आहे.

दिवाळीच्या आदल्या दिवशी दुपारी तुझा फोन यायचा. तू तिकडे चुलीसमोर, मी इकडे दुकानात. पणत्या, रांगोळी, कंदील, गिऱ्हाईक दारापर्यंत. तू सुरू करायचास, "नंदू, आता तवसां सोललंय. आयक हां." पुढे तू एक तास बोलायचास. पाणी किती काढायचं, रवा किती भाजायचा, गूळ कधी, निखारे झाकणावर कधी. मी फोन खांद्यात धरून पणत्या मोजायचो. मग तो फळीवर उताणा ठेवायचो. गिऱ्हाईक गेलं की पुन्हा कानाला लावायचो, आणि तू अजून बोलतच असायचास. पहिलं वर्ष सोडलं तरी सतरा तास. त्यातलं मला एकच वाक्य आठवतं: "हंय चुकलंस की सगळां गेलां." पण ते हंय म्हणजे नेमकं खंय, हे मी सांगू शकत नाही.

वहिनीला मी हाडतंय म्हणालो होतो ते ह्या जोरावर.

तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी मी कामाला लागलो. वैजूने आधीच सांगून टाकलं, "शब्द तुमी दिलास, ढवळा तुमीच." मी बाजारातून काकड्या आणल्या, किसल्या, रवा घातला, गूळ घातला. ते काही केल्या घट्ट होईना. वैजूने कालथा घालून बघितला. "ह्यां धोंडस नाय. ही पेज आसा. आजाऱ्याक घाला." मग कळलं की कोवळी काकडी चालत नाही, जून तवसंच हवं. ते मिळणार कट्ट्याच्या बाजारात. म्हणजे तुझ्या घरावरून जाणं आलं. मी हेल्मेट घालून गेलो. चोपन्न वर्षांचा माणूस, डोक्यात हेल्मेट, भाजीवालीसमोर उकिडवा बसून तवशावर टिचक्या मारतोय.

भाजीवाली म्हणाली, "दिगूचे दोस्त ना तुमी? धोंडस तुमीच करतलास म्हणे."

"कोण म्हणता?"

"सगळेच म्हणतत. ह्यां घेवा, ह्यां जून आसा. आणि हेल्मेट काडा, जीव घुसमटतलो."

बसस्टॉपवर आणखी दोघांनी विचारलं. एकजण तर म्हणाला, "एक तुकडो माकाय ठेवा. दिगूच्या हातचां शेवटचां." अरे, दिगूच्या हातचं शेवटचं! मी घरी आलो तेव्हा माझी अवस्था जाळ्यातल्या बोयट माशासारखी झाली होती. उडी मारायची तर वर जाळं, खाली जायचं तर खालीही जाळंच. त्या तवशाचं धोंडस वरून कोळसा झालं आणि तळाशी कच्चं राहिलं. दिवाळीला चार दिवस उरले होते.

तेव्हा मला सुचलं, की तुझ्या धोंडसाची चव खरोखर माहीत असलेलं माणूस गडग्यापलीकडे बसलंय.

दुपारी गेलो. काकी अंगणात सुपात तांदूळ पाखडत होती. तू गेल्याचं कळलं तेव्हा ती माझ्यापेक्षा जास्त रडली होती, आणि मी तिला पाणी दिलं होतं. न पाहिलेल्या माणसासाठी कुणी इतकं रडतं का, असा विचारही तेव्हा माझ्या मनात येऊन गेला. बघ माझा कोडगेपणा.

"काकी, दिगूच्या धोंडसात काय काय आसायचां गो?"

"तुका म्हायत नाय? तू खाईत नाय होतंस?"

"खाय होतंय... पण तुझी जीभ ती तुझी जीभ."

ती खूश झाली. सूप बाजूला ठेवलं आणि डोळे मिटून सांगायला लागली, जसं काही ताटली समोर आहे. "तवसां जून, पण आतलो मगज तो सगळो टाकी नाय. वायंच ठेवी, म्हणान मऊ. तवशाच्याच पाण्यात रवो शिजय, दुसरां पाणी थेंबभर नाय. गूळ काळो. खोबरां अर्धां किसलेलां, अर्धां कातललां, ता दाताखाली येय. वेलची नाय, जायफळ. तळाक हळदीचां पान." मग तिने वर्षं सांगायला सुरुवात केली. एका वर्षी गूळ पुढे गेला होता. एका वर्षी ते जरा करपलं, पण ती करपच छान लागली. ज्या वर्षी तुझी मेघा बारावीला पहिली आली, त्या वर्षी काजू जास्त होते. दिगू, तुझं सगळं आयुष्य त्या बाईने ताटलीतून वाचलं होतं.

"आणि गेल्या दोन वर्सां मीठ नव्हतां," ती म्हणाली. "चिमूटभर मीठ घाली तो, गोडाक उठाव येय. दोन वर्सां इसारलो. मी तुका सांगलेलंय ना, तेका सांग म्हणान? सांगलंस?"

मी सुपातला एक खडा वेचून टाकला.

"नंदू, सांगलंस काय नाय?"

काकीसमोर खोटं बोलायला अजून जागा होती. म्हणजे बोललो असतो तर खपलं असतं. पण अठरा वर्षं एकाच खोट्यावर पाय ठेवून उभं राहिलं की पायाला मुंग्या येतात. मी तिला सगळं सांगितलं. डबा माझ्यासाठी यायचा, मी खात नव्हतो, आणि तिचं नाव तुला ठाऊकही नव्हतं.

तिने पदराला चिकटलेले तांदूळ झटकले. मग म्हणाली, "म्हणजे तेका मी म्हायतच नाय?"

"नाय, काकी."

"अठरा वर्सां मी देवाक गाऱ्हाणां घालताना तेचां नाव घेतंय. कट्ट्याच्या दिगूक सुखी ठेव म्हणतंय. माका वाटलां, कोणीतरी माझी आठवण काढता." तिने सूप परत मांडीवर घेतलं. "जा तू आता."

मी उठलो. गडग्यापाशी पोचलो तेव्हा मागून हाक आली. "निखारे करवंटीचे घे, लाकडाचे नको. आणि मीठ इसारू नको, मेल्या."

ती अजून माझ्याशी नीट बोलत नाही. पण चावदिसाच्या आदल्या संध्याकाळी तिने गडग्यावर एक पुडी ठेवली. सोलं. "दिगूच्या बायलेक दे. आणि ह्या टायमाक माझां नाव सांग. लक्ष्मीन दिल्यान म्हण."

ते मीठ मात्र माझ्या मनातून गेलं नाही. दोन वर्षं तू मीठ विसरत होतास. मी एक घास खाल्ला असता तर मला ते कळलं असतं. मी चिडवलं असतं, "दिगू, म्हातारो झालंस रे." तू चिडला असतास, नाहीतर गप्प झाला असतास, आणि त्यावरून मला काहीतरी समजलं असतं. फोनवर तू तेच तेच सांगत होतास की नवं काही, मध्येच अडखळत होतास का, हेही मला सांगता येणार नाही. त्या वेळी तू फळीवर उताणा पडलेला होतास.

चावदिसाच्या सकाळी अंघोळ करून, टोप फडक्यात बांधून मी कट्ट्याला निघालो. धोंडस ह्या वेळी उभं राहिलं होतं. रंग बरा होता. चव कशी आहे ते मी बघितलं नव्हतं, बघून तरी काय कळणार होतं? तुझ्या अंगणात ह्या वर्षी रांगोळी नव्हती, कंदील नव्हता. मेघाने टोप माझ्या हातातून घेतला. मी वहिनीच्या हातात सोलं दिली.

"ही औंदाचीपण तुमचीच ना?"

"ही शेजारच्या लक्ष्मीकाकीन दिल्यान."

"काकीन? ह्या वर्सा काकीन कित्याक?"

झालं. मी तिथेच पायरीवर बसलो आणि सोलांचं सांगितलं. सोलांचं सांगताना डब्याचं आलं, डब्याचं सांगताना सतरंजीच्या वासाचं. मेघा आधी तोंडावर हात ठेवून ऐकत होती, मग हसायला लागली. "काका, अठरा वर्षं? बाबा आम्हाला दोन-दोन तुकडे द्यायचे आणि म्हणायचे, बाकीचां नंदूचां! आम्ही भांडायचो तुमच्यावरून!" वहिनीच्या तोंडावरही जरा हसू आलं. "बरां झालां. म्हाताऱ्या बायच्या पोटात तरी गेलां." मला वाटलं, सुटलो. इतकं सोपं होतं तर इतकी वर्षं कशाला कुढत बसलो?

मग वहिनीने तुकडा मोडून तोंडात टाकला. सावकाश चावला.

"मीठ पडलां," ती म्हणाली.

"काकीन सांगलां."

"दोन वर्सां पडत नव्हतां. इसरत होते. चावी इसरत, गाईचां पाणी इसरत. डॉक्टराकडे चला म्हटलां तर वैतागत." तिने दुसरा तुकडा घेतला नाही. "माका म्हणत, मी इसारलंय तरी काळजी नाय, सगळां नंदूकडे सांगान ठेवलंय. म्हणान तुमका इतक्यो येळ फोन करीत. हेंका भीती वाटत होती, आयेचां धोंडस आपल्याबरोबर जायत."

मी टोपाकडे बघत होतो.

"चव बरी आसा," वहिनी म्हणाली. "पण माका चव नको होती, भावजी. ती काय, आज ना उद्या जमात. माका तेंचे शब्द व्हये होते. हे चुलीसमोर बसान फोनार बोलत, तेवा मी मुद्दाम परसात जाय. म्हटलां, दोस्त बोलतत, बोलांदे. तुमका काय काय बोलले, ता माका म्हायत नाय. आता तुमी सांगा. पहिल्यापासून सांगा. तवसां सोललंय, म्हणान चालू करीत ना?"

दिगू, तुला अडकणं म्हणजे काय ते ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. मेघा फोनमध्ये टिपून घ्यायला बसली होती.

"वहिनी," मी म्हणालो, "मी आयकलंय नाय."

"काय आयकलास नाय?"

"काहीच. दुकानात गिऱ्हायकां आसत. दिगू बोलत आसायचो आणि मी... मी आयकलंयच नाय."

ह्यावर कुणी हसलं नाही. मेघाने फोन उलटा करून ठेवला. तुझ्या परसातल्या नारळावरून एक सुकी झावळी पडली, तिचा आवाज केवढा तरी झाला. वहिनी उठून आत गेली. मला वाटलं, आता ही बाहेर यायची नाही, आणि बरोबरच आहे. मी चपला शोधू लागलो.

ती बाहेर आली ती पाट घेऊन. पाट माझ्यासमोर टाकला आणि बसली.

"मगे तास-तासभर करीत काय होतास?"

"हूं हूं म्हणत होतंय."

"तितक्यावर हे बोलत रवले?"

"होय."

तिने मान हलवली, जणू तुझी एक खोड तिला आज नव्याने कळली. मग म्हणाली, "तर मगे माकाय हूं म्हणा. तेरा दिवस ह्या पडवीत येवन लोक माकाच सांगत होते, दिगू कसो होतो नि काय करी. माका कोणी बोलूक दिल्यान नाय. हे आसताना हेच बोलत. बसा तुमी."

"वहिनी, घराकडे वैजू पोहे घेवन..."

"बसा म्हटलंय ना."

मी बसलो. तिने सुरू केलं. दिगू, तुझी ती एका शब्दाची बायको, ती बोलायला लागली. मी फोन बंद करून खिशात ठेवला, हात मांडीवर ठेवले आणि ऐकलं. तिला बघायला तू गेलास तेव्हा माझा निळा शर्ट घालून गेला होतास, जो हरवला म्हणून मी धोब्याशी भांडलो होतो, हे मला तेव्हा कळलं. तू चहात साखरेऐवजी मीठ पडलेलं असूनही चहा पिऊन टाकलास, हेही कळलं. मधूनमधून ती थांबायची, माझ्याकडे बघायची, आणि मी हूं म्हणालो की पुढे जायची.

साडेआठला मी तुझ्या अंगणात पाय ठेवला होता. दुपारचे दोन वाजले. मेघाने मधे दोनदा चहा दिला. आणि वहिनी अजून तुमच्या साखरपुड्यापर्यंतच पोचली होती.